यंदाही पऱ्हाटीच

दादा, सगळ्यात आधी हे ऐक. झाड आणलंय. तुझ्या अमरावतीच्या घरात, तुझ्या खिडकीशी, तेलाच्या त्याच जुन्या पिप्यात ते उभं आहे, आणि ते माझ्या मनाचं आहे. तुझ्या मनाचं नाही. आता तिथून तोंड वाकडं करायचं तर खुशाल कर.

डिसेंबर लागला आणि तू गेलास. जेवून उठलास, छातीत कसंसं होतंय म्हणालास आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं. अकोल्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून मी आयुष्य काढलं. 'त्यांना फार त्रास झाला नाही हे बरं झालं' हे वाक्य मी कितीतरी रडणाऱ्या माणसांना ऐकवलं असेल. परवा तेच वाक्य कुणीतरी मला ऐकवलं, आणि त्या भल्या माणसाच्या कानाखाली काढावीशी वाटली. काय बरं झालं? तुला त्रास नाही झाला, पण आम्हाला एक शब्द बोलायला नाही मिळाला.

आणि दफनानंतरच्या प्रार्थनेत लोक तुझ्याबद्दल काय काय बोलले म्हणून सांगू! अतिशय शांत स्वभावाचे. कधी कुणाला दुखावलं नाही. सगळ्यांशी जुळवून घेणारे. मी वहिनीकडे पाहिलं, वहिनीनं माझ्याकडे. चित्रकलेचा मास्तर म्हणून तू किती पोरांचे कान पिळलेस, किती हेडमास्तरांशी उभा दावा मांडलास, आणि म्हणे शांत! माणूस गेला की त्याला घासून गुळगुळीत करायची ही काय सवय आहे लोकांची? मला गुळगुळीत भाऊ नको. मला माझा भांडकुदळ भाऊच पाहिजे.

त्याच प्रार्थनेनंतर चहाचे कप हातात असताना नाताळचा विषय निघाला. यंदा या घरात चांदणी लागणार नाही, झाड लागणार नाही, करंज्या तळल्या जाणार नाहीत, असं नातेवाइकांनी आपापसात ठरवूनही टाकलं. दुःखाचं घर, असंच असतं, म्हणे. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. तुझा रोहन पुण्याहून आला होता, तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "आत्या, यंदा नकोच. आईला सोसवणार नाही. पुढच्या वर्षी मी चांगलं झाड मागवतो, घडीचं, सात फुटी. दरवर्षी काढायचं नि लावायचं."

पोरगं चांगल्या मनानं बोललं. पण 'पुढच्या वर्षी' हे शब्द ऐकले आणि माझं डोकं फिरलं. कारण पुढच्या वर्षीचा वायदा तू माझ्याशी केला होतास, आणि ते पुढचं वर्ष म्हणजे हेच होतं.

रोहनची बायको लग्नानंतर पहिल्या नाताळला आली तेव्हाचं आठवतं? दारात उभी राहून झाडाकडे बघत होती. पुण्याची मुलगी, तिला कळेना की सासऱ्यानं दिवाणखान्यात ही काटकी कशाला उभी केलीय आणि तिला दिव्यांची माळ का गुंडाळलीय. तू मोठ्या ऐटीत सांगितलंस, "पऱ्हाटी हाये बेटा. कपाशीचं झाड. कापूस वेचला का लोक चुलीत घालतात, आपन घरात घेतो." मग तिला जवळ नेऊन फुटलेली बोंडं दाखवलीस. "तिकडं लोक प्लास्टिकच्या झाडाले दवाखान्यातला कापूस चिकटवून राहिले, बर्फ म्हनून. अन् आपल्या इकडं झाडालेच बर्फ येते." हे वाक्य तू दरवर्षी म्हणायचास, आणि दरवर्षी आत्ताच सुचल्यासारखं. मी मान वळवून घ्यायचे. यंदा तेच वाक्य ऐकायला मी काय वाटेल ते दिलं असतं.

पण त्या ऐटीच्या मुळाशी काय होतं, ते फक्त मला आणि तुला माहीत होतं. मूर्तिजापूरचं रेल्वे क्वार्टर, बाबा नॅरोगेजच्या छोट्या लाइनीवर खलाशी, आणि चर्चमध्ये सजावटीला आलेल्या सुरूच्या फांद्या. उरलेल्या फांद्या नाताळच्या आदल्या दिवशी घरोघर वाटल्या जायच्या, आणि ते वाटप आपल्या दारापर्यंत कधी पोचायचं नाही. कुणी मुद्दाम करत नसेल. रस्ता तिथवर येईपर्यंत फांद्या संपत, एवढंच. एका वर्षी मी रडायला लागले तेव्हा आई मागच्या दारी गेली, सरपणाच्या ढिगातून एक पऱ्हाटी ओढून काढली, जिच्या शेंड्याला वेचायचा राहिलेला कापूस तसाच होता, आणि डब्यात माती भरून ती उभी केली. वर वहीच्या पुठ्ठ्याची चांदणी लावली. मला ती इतकी आवडली की मी तिच्याखालीच झोपले.

दुसऱ्या दिवशी पोरं ओरडली, "सरपनाले चांदनी! सरपनाले चांदनी!" तू त्यातल्या एकाला धरून बदडलंस. शर्ट फाडून घरी आलास, तर सणाच्या दिवशी मारामारी केली म्हणून आईनं तुला बदडलं. आणि तू मार खाता खाता म्हणत होतास, "मी मोठा झालो तरी हेच लावीन! हेच लावीन!" आईचा हात थांबला, कारण ती हसायला लागली होती.

मोठा झालास आणि खरंच तेच लावलंस. नोकरी लागली, अमरावतीत घर झालं, नर्सरीत कुंडीतली ख्रिसमस ट्री मिळायला लागली, दुकानात प्लास्टिकची. शेजारचे विचारायचे, मास्तर, गॅस संपला का? वहिनीच्या माहेरचे तर स्पष्टच म्हणायचे की जावईबापूंनी नाताळात सरपण आणलं. तू हसून सगळ्यांना करंजी द्यायचास. खरं झाड म्हणजे कोणतं, या एका प्रश्नावर तू माणसाला अर्धा तास उभं धरायचास. चित्रातलं ते खरं की वावरातलं ते खरं? लोक करंजी खाऊन पळून जायचे.

आपली पद्धतही ठरलेली. मी अकोल्याहून गाडीनं मूर्तिजापूरला यायचं, तू अमरावतीहून, कारण मूर्तिजापूर मध्ये पडतं आणि कुणी कुणाकडे गेलं हा वाद राहत नाही. तिथून सुखदेवभाऊंच्या वावरात. तुझे शाळेतले दोस्त, वर्गात तुझ्या बाकावर बसणारे. त्यांच्या घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि त्यांच्या वावरातून आपल्या येशूचं झाड, याचं दोघांनाही मोठं कौतुक. "तुमच्या देवाले गादीसाठी कापूस कमी पडून राहिला का मास्तर?" हे त्यांचं दरवर्षीचं स्वागत. मग तू तासातासातून, कपाशीच्या ओळीओळीतून फिरायचास. एक डोळा मिटून, हात लांब करून, अंगठ्यानं माप घेत. ही बुटकी, ती वाकडी, हिला डाव्या अंगाला फांदी नाही. ऊन डोक्यावर यायचं. सुखदेवभाऊ बांधावर बसून म्हणायचे, "मास्तर, झाड पाहून राहिले का पोरीचं लगन जमवून राहिले?"

पण गेल्या वर्षी आपलं खरंखुरं भांडण झालं. तू नेहमीप्रमाणे पूर्ण फुटलेली, पांढरीशुभ्र पऱ्हाटी धरून उभा होतास. मी पलीकडच्या तासात एक पाहिली होती, जिच्यावर थोडा कापूस होता आणि बाकीची बोंडं हिरवी, टणक, बंद.

"दादा, हे घे. घरात फुटतीन ते. रोज एक एक."

"बंद बोंडाचं काय खरं वं? आत अळी असू शकते. फुटलं ते आपल्या डोयानं दिसते."

"नाताळ हाये ना? मंग जे जलमाले यायचं हाये ते झाडावर पायजे. येऊन गेलं ते कायले?"

मला वाटलं मी जिंकले. इतकी बाळंतपणं केलेल्या बाईशी जन्माच्या विषयावर कोण वाद घालणार? पण तू दोन्ही पऱ्हाट्यांकडे आळीपाळीनं पाहिलंस, आणि थोरल्या भावाचा तो घाणेरडा आवाज काढलास. "यंदा माया मनाची घेऊ. पुढच्या साली तुया मनाची." सुखदेवभाऊ साक्षीला होते.

म्हणून मी गेले, दादा. कुणाला विचारलं नाही. सकाळच्या गाडीनं मूर्तिजापूरला उतरले, आणि प्लॅटफॉर्मवर उगाचच अमरावतीच्या बाजूला मान वळवून पाहिलं. रिक्षात बसून वावरापर्यंत रडले आणि बांधावर चढायच्या आधी पदरानं तोंड पुसलं.

आजूबाजूची सगळी वावरं मोकळी झालेली. कपाशी उपटून लोकांनी हरभरा पेरलेला. सुखदेवभाऊंचंही वावर मोकळं, फक्त धुऱ्याकडचा, बांधालगतचा एक तास उभा. एकच तास, शेवटपर्यंत. मी त्याच्याकडे बघतच राहिले.

"मास्तरचा हाये," ते म्हणाले. "मातीले आलो होतो तवा तुमाले विचारावं वाटलं, पन तोंडातून शब्द नाई निंघाला. म्हनलं, कोनी येईन तर येईन. नाई आलं तर राहू द्या उभा उन्हाळ्यावरी."

दादा, त्या प्रार्थनेत बोललेल्या सगळ्या भाषणांवर मी तो एक तास ओवाळून टाकीन.

मी माझ्या मनाची शोधायला लागले. खरं सांगते, सोपं नव्हतं. तुझ्यासारखा एक डोळा मिटून पाहिलं, अंगठा धरून पाहिलं, मला त्यातलं काहीच कळत नाही. शेवटी एक सापडली. खांद्याएवढी, शेंड्याला थोडा कापूस, आणि मधल्या फांदीवर एक मोठं, गच्च, हिरवं बोंड. बाकीची बोंडं एक तर फुटलेली किंवा वाळून गेलेली. हे एकच राहिलेलं. सुखदेवभाऊंनी ते बोटांत धरून फिरवलं, त्यावरचा एक बारीक ठिपका दाखवला. "बाई, याच्यात अळी असू शकते."

"तुमी बी दादाच्याच पार्टीत का?"

"त्यानं मले करंज्या चारल्या ना इतक्या वर्षं," ते म्हणाले आणि पऱ्हाट्या उपटायचा चिमटा लावून त्यांनी ती मुळासकट उपटून दिली.

अमरावतीच्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "मावशी, सरपन घेऊन कुठं चालल्या? अमरावतीत गॅस नाई भेटत काय?" मी म्हणाले, "भावाच्या घरी चालली. नाताळचं झाड हाये हे." त्यानं एकदा झाडाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि माझ्या शेजारच्या सीटवरच्या पोराला उठवून मागं बसवलं, फांदी मोडू नये म्हणून. वऱ्हाडी माणूस तोंडानं रांगडा असतो, हातानं नाही.

दार रोहननं उघडलं. "आत्या! आपण ठरवलं होतं ना?"

"तुमी ठरवलं होतं. मी चहा पिऊन राहिली होती."

"आईला त्रास होईल. थोडा तरी विचार कर."

इथं मी आवाज चढवला, ते कबूल. म्हणाले, "तुयी आजी गेली त्या वर्षी हेच सगळे नातेवाईक याच घरात हेच बोलत होते. तवा तुया बाप काय म्हनला होता, विचार तुया मायले. 'आई गेली म्हनून येशू जलमायचा राहिला का?' आईची माती ओली होती अन् यानं झाड लावलं होतं. त्याच्या आईसाठी लावलं, अन् त्याच्यासाठी आपन नाई लावायचं?"

रोहनचे डोळे भरून आले. माझेही. आम्ही दोघं दारात, मध्ये ती पऱ्हाटी आडवी, आणि कुणी आत जाईना की बाहेर येईना. आणि मला पहिल्यांदा भीती वाटली की मी चुकतेय. तू नव्हतास माझ्या बाजूनं बोलायला. वहिनीला खरंच सोसलं नाही तर? आपल्या दोघांच्या हट्टाची किंमत तिनं का मोजावी? ती नको म्हणाली असती तर मी तशीच मागं फिरले असते, दादा, बसस्टँडवर झाड टाकून.

तेवढ्यात वहिनी आतून आली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. फरशीवर दारापासून पाचोळा पडला होता, वाळकी पानं, बोंडांची टरफलं. तिनं खाली पाहिलं, आणि वर न बघताच तिच्या तोंडून निघालं, "आनली का पुन्हा घान घरात!"

तुला माहीतच आहे ते वाक्य. लग्नापासून दर डिसेंबरला तिनं तुला दारात हेच ऐकवलं. सवयीनं निघून गेलं. मग तिनं मान वर केली, तिला तुझ्या जागी मी दिसले, आणि ती मटकन खुर्चीवर बसली. तू गेल्यापासून ती धड रडली नव्हती, त्या दिवशी रडली. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. रोहन झाड धरून उभा. बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसलं आणि त्याला म्हणाली, "असं धरून काय उभा राहिला? पिपा माळ्यावर हाये. खाली तीन दगड टाकत होते ते, नाई तर कलंडते."

रोहननं पिपा काढला, दगड टाकले, माती भरली. झाड उभं करून तो मागं सरकला आणि सरळ आहे का बघायला त्यानं एक डोळा मिटून अंगठा पुढं धरला. वहिनीनं आणि मी एकमेकींकडे पाहिलं.

एक गोष्ट तुला कधी बोलले नाही, ती आता बोलून घेते. बारावीनंतर मला नर्सिंगला पाठवायला बाबा तयार नव्हते. तू तेव्हा त्यांच्याशी असा भांडलास की क्वार्टरच्या ओळीतले लोक बाहेर आले. बाबा तुझ्याशी कितीतरी दिवस बोलत नव्हते. मी फॉर्म भरला, शिकले, माझ्या पायावर उभी राहिले, आणि तुला कधी थँक्यू म्हणाले नाही. एकदोनदा सुरुवात केली तर तू म्हणालास, "राहू दे, इंजेक्शन फुकट देजो." शांत स्वभावाच्या भावाची बहीण असते तर मी आज कुठं असते? म्हणून ती भाषणं मला सहन झाली नाहीत. तू भांडलास म्हणून मी घडले. थँक्यू, दादा. आता टोमणा मारायला तू नाहीस, म्हणून वाक्य पुरं करता आलं.

नाताळच्या दिवशी लोक आले. भेटायला, आणि थोडं बघायलाही. खिडकीतली दिव्यांची माळ रस्त्यावरून दिसत होती. वहिनीच्या नात्यातल्या एक बाई खुर्चीत बसल्या, करंजी घेतली, अर्धी खाल्ली आणि म्हणाल्या, "काही म्हना, पन दुःखाच्या घरात लायटिंग बरी नाई दिसत." मी तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनी बोलली. तिचा आवाज मोठा नव्हता.

"माया नवरा गेला, ताई. येशू नाई गेला. करंजी घ्या अजून."

त्यांनी घेतली. ऐकलंस ना? इतकी वर्षं त्या झाडाला घाण म्हणणारी बाई! तुझा संसार फुकट गेला नाही.

आता बोंडाचं. तुला त्याचीच घाई झाली असेल. झाड लावल्यापासून मी रोज उठून आधी त्याच्याकडे जात होते. काही नाही, नुसतं घट्ट, हिरवं, मग थोडं काळपट. रोहन चिडवायचा. नाताळच्या सकाळी बघते तर टोकाला चीर. चर्चमधून आलो तर चीर रुंद झालेली. संध्याकाळी पाहुणे गेले आणि आम्ही तिघं झाडासमोर बसलो. चार कप्प्यांपैकी दोन फुटून उघडले होते, त्यातून असा पांढरा, असा फुगीर कापूस बाहेर आला होता की वहिनीनं बोट लावून पाहिलं. आणि उरलेले दोन पिवळे, चिकटलेले. रोहननं नखानं उचकून पाहिलं. अळी होती.

रोहन म्हणाला, बाबा जिंकले. वहिनी माझ्याकडे बोट करून म्हणाली, नाही, एस्तेर जिंकली. मी म्हणाले, निकाल लागलेला नाही.

आज सकाळी सुखदेवभाऊंना फोन करून सगळं सांगितलं. ते बराच वेळ हसले. मी म्हणाले, पुढच्या सालीही तो तास राखून ठेवजा, भाऊ, वाद अर्धाच राहिला. आपल्या घरात अर्धा वाद सोडून उठायची पद्धत नाही, दादा. तू उठलास. मी नाही उठत.